ज्याची जमीन, त्याचे पितर

४ जानेवारी, रविवार

यंदाच्या दैनंदिनीविरुद्ध मी तिच्याच अंगावर तक्रार नोंदवून ठेवतो आहे. आमच्या पतसंस्थेने सोमवार ते शनिवार प्रत्येकाला अख्खं पान दिलं आहे आणि रविवारला अर्धं. उरलेल्या अर्ध्यात संचालक मंडळाचा फोटो हसतो आहे. ज्या एका वारी माणसाला विचार करायला सवड मिळते, त्याच वारी त्याने हात आखडता घ्यावा, हा पंक्तिभेद कोणत्या स्मृतीत सांगितला आहे ते मला अजून सापडलेलं नाही. वारांमध्ये उच्चनीच आजवर कोणी आणलं नव्हतं, ते सहकाराने आणलं. नाइलाजाने मी उपाध्यक्षांच्या सफारीवर लिहितो आहे. त्यांनी क्षमा करावी.

बातमी एवढीच, की सरपंच कानिफनाथ यांना नदीवरच्या घाटावर पत्र्याची शेड बांधायची आहे. दहाव्याला आलेल्या माणसांना ऊन लागतं, प्रवचनकारांना जरा जास्तच लागतं. शेडला मंजुरी हवी तर आधी जागेची मोजणी हवी. उद्या मोजणीवाले येणार.

५ जानेवारी

मोजणीचं यंत्र आता काठीवर उघडलेल्या छत्रीसारखं असतं आणि ते थेट आकाशातल्या उपग्रहांना विचारून बोलतं. आज ते जे बोललं त्याने पुणतांब्याच्या खालच्या अंगाला असलेली आमची अख्खी वाडी गप्प झाली. घाटाच्या पायऱ्या, पिंडाचा कट्टा, कावळ्यांचा पिंपळ, सगळं बनाबाईंच्या गटात निघालं. बनाबाई म्हणजे माझा वर्गमित्र भीमराज याची आई. घाटाला लागून त्यांचं वांग्यांचं रान आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. घाटही त्याच रानात आहे, हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे बनाबाई दर वर्षी सांगायच्या, "आमचं रान पार पान्यापर्यंत हाय." पण तो आम्हाला त्यांच्या वयाचा दोष वाटायचा.

सरपंच यंत्राकडे पाहून म्हणाले, "परत मोजा." परत मोजलं. उपग्रह ऐकेनात.

८ जानेवारी

बातमी दिली. सोबत एक चौकटही लिहिली, कारण पानात जागा उरली होती आणि माझ्यात संस्कृत उरलं होतं. मी संस्कृतात एम.ए. केलं ते त्या वर्षी पुण्यात बाकीच्या विषयांचे प्रवेश संपले होते म्हणून. शेतकऱ्याच्या घरात असं काही शिकलेला माणूस असला की त्याला दोनच कामं मिळतात, लग्नपत्रिका तपासणे आणि बातमीदारी. मी तालुक्याचा बातमीदार आहे, राहात्याचे बाजारभाव मला रोज द्यावे लागतात. मग कधीतरी अशी चौकट लिहून जीव रमवतो.

मजकूर असा: धर्मशास्त्र सांगतं की श्राद्ध आपल्या जमिनीवर करावं. दुसऱ्याच्या जमिनीवर केलं, तर त्या जमीनमालकाचे पितर येऊन ते आधी घेऊन जातात. त्यामुळे मालकाच्या पितरांचा वाटा अगोदर काढून ठेवावा लागतो. आमच्या वाडीने आता विचार करावा.

वाडी विचार करणार नाही या भरवशावर लिहिलं होतं.

११ जानेवारी, रविवार

तीस वर्षांत मी लिहिलेलं पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं. सकाळी चहाच्या टपरीवर गेलो तर माणसं खाली मान घालून बसलेली. पेरूची बाग असलेला बजरंग म्हणाला, "कल्याणराव, आमच्या म्हातारीचं दहावं मी तिथंच घातलं. पुरनाची पोळी ठिवली हुती. ती कुनी खाल्ली म्हनायची मग?"

मी म्हटलं, "अरे, ती चौकट होती."

"चौकट असू दे. शास्त्र हाय का न्हाई?"

"शास्त्र आहे."

"मंग झालं तर," म्हणून त्याने चहा ओतून दिला.

घरी आईनेही वाचून घेतली होती, माझी बायको आरती हिच्याकडून. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन माघात वर्ष होईल. त्यांचे दहाव्याचे पिंड त्याच कट्ट्यावर ठेवले होते. आईने एवढंच विचारलं, "म्हंजे तुझा बाप वर्षभर उपाशी हाय का?"

मी हसलो. आई हसली नाही. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली. यंदाची बाजरी जरा कडवट निघाली आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. सरपंच स्वतः तिळगूळ घेऊन घरी आले. सरपंच स्वतः काही घेऊन येतात तेव्हा काहीतरी न्यायला आलेले असतात.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले. एरवी मी 'पेपरवाले' असतो. "तुमी तिढा टाकला, आता तोड पन सांगा. शास्त्रात तोड असतीच."

इथे माझ्या विद्येने माझा घात केला. तोड मला माहीत होती, आणि माहीत असलेली गोष्ट तोंडात ठेवणं मला जमत नाही. मी म्हणालो, "तोड आहे. वनं, पर्वत, पुण्यनद्या आणि तीर्थं यांना मालक नसतो. ती अस्वामिक. तिथे श्राद्ध केलं तर कोणाचाही वाटा काढावा लागत नाही."

सरपंचांचा हात तिळगुळाच्या डब्यावरच थांबला. "म्हंजे आपला घाट तीर्थ असंल..."

"तर त्याला मालक नाही."

"बनाबाई बी न्हाई?"

"शास्त्राप्रमाणे नाही."

"बास!" ते म्हणाले. "तुमी पेपरात लिवा, का हा घाट प्राचीन तीर्थ हाय. राम हितं आलाच असंल, दंडकारन्यच हाय हे. सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत ठराव घेतो, वर पाठवतो. पुढं नाशकाचा कुंभमेळा हाय. शेड कशाला, चांगला दगडी घाट हुईल. अन् जागेचा प्रश्न सरकार बघंल."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "लिहिशील ना रं?" तिचा चेहरा तीन दिवसांनी उजळला होता. तिळगूळ मात्र खाल्ला नाही. दातांना लागतो म्हणाली.

१५ जानेवारी

भीमराजचा भिंगारहून फोन. तो तिथे लष्कराच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. शाळेत आम्ही दोघांनी संस्कृत घेतलं होतं, मी आवडीने आणि त्याने मार्क पडतात म्हणून. त्याला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले, ही गोष्ट त्याने काढली नाही असं एकेचाळीस वर्षांत एकही वर्ष गेलं नाही.

"कल्या, तुझी चौकट वाचली. म्हणजे आमचे आजे-पणजे इतकी वर्षं तुमच्या गावाचा भात खात होते?"

"शास्त्र तसं म्हणतं."

"बरं झालं बाबा. छप्पन साली आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, श्राद्धपक्ष बंद केला. मला उगाच वाटायचं, मागच्यांची आबाळ झाली असेल. तुम्ही सोय केली होती होय! आभारी आहे. पुरणपोळ्या पण?"

"बजरंगने ठेवली होती."

तो खूप हसला. मग म्हणाला, "शनिवारी येतोय." तीर्थाचं काहीच बोलला नाही. त्याच्या कानावर आलं नसेल.

१७ जानेवारी

त्याच्या कानावर आलं होतं.

घाटाच्या कट्ट्यावर बसलो. खाली गोदावरी, संथ, धरणातून जेवढं सोडतील तेवढीच. बनाबाई रानात वांगी तोडत होत्या. भीमराज म्हणाला, "राम कुठे बसला होता, दाखव ना. आमच्या बांधावर बसला असेल तर त्याला एकदा विचारायला हवं, त्या वेळी जागा कोणाची होती."

मी म्हणालो, "मी अजून काही लिहिलेलं नाही."

"मला माहितीये. लिहिलं असतंस तर छापून आलं असतं. तू कपाटात ठेवणारा माणूस नाहीस."

मी त्याला शास्त्रातली दुसरी तोड सांगितली. मालकाच्या पितरांचा वाटा आधी काढायचा, की बाकीचं आपापल्या माणसांना पोचतं. तीर्थबीर्थ काही करावं लागत नाही.

"आणि आमचा वाटा आम्ही घ्यायचा? कल्या, पिंडदान करणार नाही अशी आमची प्रतिज्ञा आहे. मी माझ्या बापाचं केलं नाही. तुझ्या बापाबरोबर त्याचं करायला कसं सांगू?"

म्हणजे शास्त्र म्हणतं आधी मालकाच्या माणसांना द्या, आणि मालक म्हणतो आमची माणसं घेत नाहीत. दोन हजार वर्षांच्या निबंधकारांनी सगळ्या शक्यता धरल्या, ही एक राहून गेली.

जाताना तो म्हणाला, "हे बघ, घाट वापरा. आईने कधी अडवलं का? पण तीर्थ म्हणून लिहिलंस तर रान जाईल तिचं. ती या वयात दुसरीकडे वांगी लावणार नाही." आणि लगेच, "तुला अकरा मार्क कमी का पडले होते, आठवतंय?"

त्याने मला 'लिहू नकोस' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

२१ जानेवारी

लिहायला बसलो. वाडीतून सूचना येतातच आहेत. रामाने इथे धनुष्य टेकवलं. नको, सीतेने केस धुतले. बजरंगच्या मते पांडवांनी इथे जेवण केलं आणि पत्रावळी टाकल्या, त्यांचे दगड झाले. रेल्वे फाटकाजवळचा एकजण म्हणतो की गौतम ऋषींना इथे ठेच लागली. मी म्हटलं, ठेच लागल्याने तीर्थ होत असेल तर आमचा सगळा रस्ताच तीर्थ आहे.

पण खरं सांगायचं तर दोन श्लोक झाले. अनुष्टुभ, चांगले, एखाद्या जुन्या माहात्म्यातून निसटून पडल्यासारखे. 'गौतमीच्या दक्षिण तीरी अश्वत्थाखाली जो स्नान करतो...' वगैरे. कोणीही फसेल. मीच दुपारपर्यंत फसलो होतो. माहात्म्यं अशीच लिहिली गेली असतील का? कोणीतरी एक बातमीदार, त्याची आई दारात.

आरती आली, कागद पाहिला, म्हणाली, "श्लोक झाले, आता घराकडे बघा जरा. सासूबाई सकाळी नुसता चहा घेतात. रात्री घोटभर दूध. तुम्हाला काही दिसतं का?"

मी डॉक्टरांना फोन केला. पित्त असेल म्हणाले. गोळ्या आणल्या.

२४ जानेवारी

आईने समोर बसवून घेतलं.

"लिहिलंस का?"

"आई, ते बनाबाईंचं रान आहे."

"मी कुठं न्हाई म्हनते? रान त्यांचं, पन घाट देवाचा म्हन. तुझ्या दोन वळींनी काय जातंय?"

"त्यांचं रान जातंय."

आईने पदराचं टोक दुमडलं. मग म्हणाली, "त्यांना भूक सहन व्हायची न्हाई. बाराच्या ठोक्याला ताट नसलं की घर डोक्यावर घ्यायचे. तुला म्हाईत हाय."

मला माहीत आहे. मी त्याच घरात डोक्याखाली होतो. म्हटलं, "बघतो." आरतीने गोळ्या दिल्या, तर आई म्हणाली, उपाशीपोटी घेऊ नये म्हणतात. मग का घेतल्या नाहीत ते कळलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. भीमराज रजा टाकून आला होता, मागे भिंतीला टेकून उभा. बायकांत पुढे माझी आई आणि मागे बनाबाई. सरपंचांनी प्रस्तावना केली की गोदावरी म्हणजे दक्षिणगंगा, तिचा कणन् कण पवित्र, आणि आता आपले शास्त्रीबुवा शास्त्राधार सांगतील.

श्लोक माझ्या खिशात होते. उठलो. आईकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

मी म्हणालो, "सरपंचांचं म्हणणं बरोबर आहे. ही दक्षिणगंगा. गंगेला जो नियम तो हिला लावू. शास्त्राने नदीची हद्द आखून दिली आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पाणी जिथवर चढतं, तो नदीचा गर्भ. तिथून पुढे दीडशे हात, ते तीर. आणि तीरापासून दोन कोस सगळं क्षेत्र. हे सगळं पवित्र."

टाळ्या पडल्या. सरपंचांनी जास्त वाजवल्या.

"आता, तीर्थाला मालक नसतो, हे मीच सांगितलं होतं. तेव्हा ठराव करायचा तर आपण अर्धवट करायला नको. पाण्यापासून दोन कोसांत कोण कोण येतं, एकेकाने हात वर करा."

कोणाचाच हात वर झाला नाही. बजरंगच्या मात्र लक्षात आलं. "म्हंजे माझी पेरूची बाग?"

"क्षेत्रात आहे. अस्वामिक."

"म्हंजे काय?"

"म्हणजे तुझी नाही."

"अन् पेरू?"

"येणाऱ्या-जाणाऱ्याचे."

हशा पिकला, पण तो मधेच विरला, कारण प्रत्येक जण मनात आपापल्या बांधापासून नदीपर्यंतचे कोस मोजायला लागला होता. सरपंच उठले. "हे जरा जास्ती हुतंय. मागच्या म्हैन्यात माझी वास्तुशांत झाली."

"घर राहील ना," मी म्हणालो. "फक्त ते तुमचं नसेल. पूर आला होता तेव्हा पाणी तुमच्या जुन्या गोठ्याला लागलं होतं, म्हणजे शेजारचा नवा बंगला तीरातच येतो. तिथे राहणाऱ्याने खोटं बोलू नये, असंही आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग ते र्‍हातील कुठं?" यावर जे हसू फुटलं ते थांबेना. सरपंचही हसले, माणूस वाईट नाही.

"आन् घाटापुरतंच तीर्थ करता यायचं न्हाई का?" एकाने विचारलं. "बाकीचं सोडून?"

मी म्हणालो, "नदी एका गटापुरती पवित्र असते असं शास्त्र मी वाचलेलं नाही. कोणी वाचलं असेल तर सांगावं."

तेवढ्यात भीमराजने हात वर केला. मला वाटलं आता मार्क काढतो. तो म्हणाला, "घाट आहे तसा वापरा. फक्त शेड नको, आईच्या वांग्यांवर सावली पडेल. आणि दहाव्याला वाफे तुडवू नका, पत्रावळ्या तुमच्या तुम्ही उचला. जाताना आईला नुसतं सांगून जात जा."

ठराव असा झाला. सूचक बजरंग. इतक्या उत्साहाने त्याने आजवर कशाचंही सूचन केलं नव्हतं.

मी बातमी लिहायला बसलो ते विजयी सेनापतीसारखा. 'ग्रामसभेत एकोपा.'

२७ जानेवारी

आई बोलत नाही. रागावलेली नाही, नुसती बोलत नाही. ताटाला हात लावला नाही.

आरती म्हणाली, "अजून नाही कळलं तुम्हाला?"

"काय?"

"मामंजींना उपाशी समजून ह्या कशा जेवतील?"

मी ताटावर बसलो होतो, तिथेच बोटांवर दिवस मोजले. अकरा तारखेपासून. आणि मी बाजरीला दोष दिला, दातांना दिला, पित्ताला दिला.

२८ जानेवारी

आईजवळ जाऊन सगळं शास्त्र फिरवून पाहिलं. म्हटलं, श्रद्धा महत्त्वाची. म्हटलं, ते पोटभर जेवणारं शरीरच आता नाही. म्हटलं, त्या चौकटीला पाठभेद आहेत. आई म्हणाली, "तुझं संस्कृत मला कळत न्हाई. हाय का न्हाई ते सांग." तिचंही बरोबर. मीच छापलं होतं.

३० जानेवारी

दुपारी आई घरात नव्हती. आरतीने शेजारी पाहिलं, मी मंदिरात पाहिलं. मग कोणीतरी सांगितलं की मनकर्णाबाई, म्हणजे आई, काठी टेकत घाटाकडे गेल्या. पळत गेलो.

घाटावर नव्हती. बनाबाईंच्या घराचं दार उघडं होतं, आतून बोलणं ऐकू आलं, म्हणून थांबलो. बातमीदाराला दारात थांबायची सवय असते.

बनाबाई म्हणत होत्या, "मनकर्नाबाई, आमी हे काय बी मानत न्हाई बघा. माझ्या सासऱ्यानं ते समदं सोडलं. पर तुमच्या पोरानं पेपरात लिवलंय, म्हनून घटकाभर खरं धरून चाला. माझी सासू जिती हुती तवा तिच्या रानातनं कुनी उपाशी गेलं न्हाई. वाटसरू असू द्या, न्हाईतर वांगी चोरायला आलेला. तिच्या हातात तुमचा भात आला, अन् तुमचं मालक बांधावर हुबं. ती काय त्यांना बघून एकटी जेवंल व्हय? हाक मारली असंल. 'ये बाबा, बस,' म्हनली असंल."

आई हळूच म्हणाली, "अन् ते बसले असतील?"

"ते तुमी सांगा. जितेपनी तर कवा बसले न्हाईत आमच्यात."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग आई म्हणाली, "भूक लागल्यावर बसले असतील."

"मंग सुटलं की ओ," बनाबाई म्हणाल्या. "घ्या. गरम हाय तवर घ्या. आता तुमी न्हाई म्हनला तर सासू मला वरनं शिव्या घालंल."

मी आत डोकावलो. आईपुढे ताटली होती, भाकरी आणि वांग्याचं भरीत. ती खात होती. सावकाश, पण थांबत नव्हती. मला पाहून म्हणाली, "ये. लई झ्याक झालंय."

मीही बसलो. भरीत खरोखर झकास होतं. घरी आल्यावर आरतीला म्हणालो की आईने बाहेर कोणाकडे भाकरी खाल्लेली मला आठवत नाही. आरती म्हणाली, "कोणाकडे नाही आठवत, की बनाबाईंकडे नाही आठवत?" तिला कधीकधी उगाच बारकावे काढायची सवय आहे.

६ फेब्रुवारी, माघ वद्य पंचमी

दादांचं वर्षश्राद्ध. घाटावरच करायचं हा आईचा हट्ट. सकाळी ती स्वतः बनाबाईंना सांगून आली. भीमराज कालच आला होता. तो वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला, पहारा म्हणून. विधीत त्याचा भाग नाही आणि तसा आव त्याने आणला नाही.

गुरुजी पुणतांब्याहून आले होते. संकल्प सुरू केला. मला संकल्पातला हा भाग फार आवडतो. माणूस तळहातावर पाणी घेतो आणि आधी आपण कुठे बसलोय ते सांगतो. जंबुद्वीपात, भरतवर्षात, दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. अख्ख्या विश्वातून खाली उतरत उतरत आपल्या पाटापर्यंत.

गुरुजी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणाले आणि पुढे सरकणार, तोच आई म्हणाली, "बनाबाईच्या रानात. ते पन म्हना."

गुरुजी माझ्याकडे पाहू लागले. "तसं म्हणायची रीत नाही."

"पत्ता अर्धा असला की पोचत न्हाई," आई म्हणाली.

बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं होतं. मी म्हणालो, "म्हणा गुरुजी. बनाबाईक्षेत्रे."

गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हटलं. जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये, गोदावर्याः दक्षिणे तीरे, बनाबाईक्षेत्रे. लयीत अगदी बसतं असं नाही, पण खटकतही नव्हतं.

भीमराज खुर्चीवरून ओरडला, "पिनकोड राहिला!" आईसुद्धा हसली. बनाबाई वांग्यांतून मान वर करून बघत होत्या, आपलं नाव कशाला घेतलं म्हणून. त्यांना कोणी सांगितलं नाही. मग आईनेच जाऊन सांगितलं. दोघी बराच वेळ बांधावर बसून होत्या.

पिंड ठेवले. कावळे लगेच आले. पिंपळावर राहतात, त्यांना दुसरं काम काय.

७ फेब्रुवारी

काल घाटाच्या पायऱ्या चढताना आईचा श्वास लागला. मी एका बाजूने धरलं, भीमराजने दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या पायरीपासून सरळ उचललंच. आज दिवसभर काम सुचलं नाही. बाजारभाव दिले, तेही आरतीने तपासले.

वजनच नव्हतं. पाण्याची भरलेली कळशी जड लागेल. ती आता दोन्ही वेळ जेवते, गोळ्या घेते, कालच्या दुधात साखर कमी होती म्हणून आरतीला बोलली. सगळं ठीक आहे. पण मधल्या पायरीवर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, सहज म्हणाली, "माझं बी हितंच कर. बनाबाईला विचारून ठिवलंय." भीमराजने मान फिरवली. मी 'हो' म्हणालो, जसं बाजारातून काही आणायला सांगितल्यावर म्हणतो.

शास्त्र पाठ आहे. कोणत्या दिवशी काय करायचं, कुठे बसायचं, कोणाचा वाटा आधी काढायचा, मला सगळं सांगता येतं. मला भीती वाटते. आई जाईल, आणि ती वेळ लांब नाही, आणि त्यानंतर मी काय करायचं हे मला माहीत नाही.